झेलाचा पाळणा

क्रिकेटच्या खेळांत फलंदाजीस गुरु मिळतो, गोलंदाजीसही मिळतो. झेल घेण्याची विद्या मात्र आमच्याकडे बहुधा पोरकीच राहते. मुलाला बॅट घेऊन देण्यासाठीं बाप पदरमोड करील, मुलगाही तास दोन तास चेंडू टोलवीत राहील; परंतु "आज साठ झेल घेतले" असें सांगत घरीं आलेला मुलगा आम्हीं ढोकींत उभ्या आयुष्यांत पाहिला नव्हता. झेल हातांत बसला तर दैव, निसटला तरीही दैव, अशी सर्वांची समजूत, आणि ती आमचीही होती. गेल्या कांहीं महिन्यांपासून आमच्या अंगणांत एक लांकडी सांगाडा येऊन बसला आहे. त्यानें ही समजूत पालटली. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों, कारण हा प्रश्न नुसत्या खेळाचा नाहीं. घरांतल्या मुलामुलींच्या बोटांचा आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगून टाकतों. ती सांगितल्यावांचून पुढचें लिहिणें प्रामाणिक होणार नाहीं. तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों, आणि खेळाचा तासही आमच्याच माथीं होता. संस्कृताचा मास्तर क्रिकेट काय शिकविणार, असें कोणी हसलें कीं आम्ही प्रो. दिनकर बळवंत देवधर यांचें नांव पुढें करीत असूं. पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत ते संस्कृताचे प्राध्यापक. १९२६ सालीं गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं १४८ धांवा काढल्या, आणि पुढें त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. हें नांव घेणें सोपें होतें. त्या नांवास शोभेल असें शिकविणें आमच्या हातून झालें नाहीं.

दुसऱ्या एका शाळेशीं सामना ठरला. आमच्या मुलांनीं तोंवर रबरी आणि टेनिसचा, यांखेरीज चेंडू हातांत धरला नव्हता. सामन्याच्या दिवशीं सकाळीं कातडी चेंडू आला, आणि दहावींतला एक उंच, चपळ मुलगा आम्हीं स्लिपमध्यें उभा केला. तिसऱ्याच षटकांत बॅटची कड घेऊन चेंडू त्याच्याकडे आला. त्यानें बोटें सरळ चेंडूच्या तोंडावर धरलीं, आणि उजव्या हाताची अनामिका मोडली. तो फेब्रुवारी महिना होता. मार्चांत त्यानें बोटाला प्लास्टर असतांना पेपर लिहिले. अर्धे लिहिले म्हणणें अधिक खरें. त्या वर्षीं तो गणितांत राहिला. आज बाजारांत त्याचें किराणा दुकान आहे, संसार सुखाचा आहे, आम्हांस तो वाकून नमस्कार करतो. परंतु सुटे पैसे परत देतांना तें वाकडें बोट आमच्या तळहातास लागतें. मुलाचा दोष कांहींच नव्हता. बोटें कशीं धरावीं हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें, आणि सांगणारे आम्ही होतों.

म्हणून आमची तेरा वर्षांची नात एके दिवशीं तळहात लाल करून घरीं आली आणि "आजोबा, मला लेदर बॉलनं खेळायचंय" असें म्हणाली, तेव्हां पहिला नकार आमचाच होता. दुसरा तिच्या आजीचा. रात्रीं पानें उठल्यावर अकरा माणसांच्या आमच्या घरांत रीतसर वादविवाद झाला. धाकटे चिरंजीव नातीच्या बाजूनें, थोरले तटस्थ, दोन्ही सुना आपापसांत डोळ्यांनीं बोलत होत्या. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे हवंय कशाला? बोट वाकडं झालं, तर उद्या पाहायला येणारे काय म्हणतील?" नातीची बाजू फारच लंगडी पडूं लागली, तेव्हां आमच्यांतला संस्कृतज्ञ जागा झाला. दंडीच्या दशकुमारचरितांत कंदुकावती नांवाची राजकन्या आहे. सातव्या वर्षापासून विवाह होईपर्यंत दर महिन्याच्या कृत्तिका नक्षत्रावर तिनें लोकांसमक्ष चेंडू खेळून देवीची आराधना करावी, अशी देवीचीच आज्ञा. आणि ती कशासाठीं, तर गुणी पति मिळावा म्हणून! चेंडू उडविण्याच्या व झेलण्याच्या तिच्या निरनिराळ्या तऱ्हा दंडीनें पारिभाषिक नांवांसह वर्णिल्या आहेत. हें सर्व आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें. सौभाग्यवतींनीं तें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "तिचा चेंडू कशाचा होता?"

ह्या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. आजतागायत झेलाविषयीं आम्हांस कोणीं विचारलेला सर्वांत शहाणपणाचा प्रश्न हाच होय.

चेंडू कशाचा, त्याचें वजन किती, आणि तो किती अंतरांत थांबवावयाचा, ह्या तिहींवर सर्व कांहीं अवलंबून आहे. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो, स्त्रियांचा १४० ते १५१, आणि तेरा वर्षांखालील मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅम. असे निरनिराळे चेंडू असतात ही गोष्टच आमच्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते, आणि लहानग्यांच्या हातीं मोठ्यांचा चेंडू दिला जातो. आतां थोडें गणित पाहा. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर वेगानें येत आहे असें धरा. हात ताठ ठेवून तो पांच सेंटिमीटरांत अडविला, तर हातांवर सरासरी सुमारें ६५ किलो वजनाइतका भार पडतो. तोच हात चेंडूबरोबर मागें घेत वीस सेंटिमीटरांत थांबविला, तर भार १६ किलोंवर येतो. चेंडू तोच, वेग तोच. फरक हात मागें नेण्याच्या त्या वीतभर अंतराचा. पण भ्यालेल्या मुलाचे हात मागें जात नाहींत, ते ताठतात. आणि बोटें चेंडूकडे रोंखलीं जातात. कमरेच्या खालचा चेंडू असेल तर बोटें जमिनीकडे, छातीच्या वरचा असेल तर आकाशाकडे, आणि कोणत्याही स्थितींत चेंडूकडे नाहींत, हा नियम पांच मिनिटांत सांगतां येतो. तो हातांत मुरण्यास मात्र शेंकडों झेल लागतात, आणि ते झेल न दुखावणाऱ्या चेंडूचे असावे लागतात. भीति जाते ती उपदेशानें नव्हे.

एवढें ठरलें, तरी मुलीला तीनशें झेल रोज देणार कोण? चांगल्या मैदानावर शिक्षक बॅटनें चेंडू मारून झेल देतात. आमचें ढोकी हें धाराशिव जिल्ह्यांतलें, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतलें, साखर कारखान्याचें गांव. जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यांत चप्पल रुतून बसते. अशा जमिनीवर सूर मारून झेल घ्यावयास मुलांना सांगणें हें पाप आहे. तेव्हां साधन घरींच शोधावयाचें.

आणि शोधूं लागल्यावर तें चहूंकडे दिसूं लागलें. पहिली भिंत. सहा पावलांवरून टेनिसचा चेंडू भिंतीवर फेंकावा व परत येतांना झेलावा. मग चार पावलांवरून. मग एकाच हातानें. चेंडू पाण्यांत भिजविला कीं तो जड व निसरडा होतो, दुखत मात्र नाहीं. डॉन ब्रॅडमन यांनीं लहानपणीं बोवरल गांवीं पाण्याच्या टाकीच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून स्टंपानें टोलविण्याचा सराव केला, ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. तिचें उत्तरार्ध फार थोडे सांगतात. तोच चेंडू ते कुंपणाच्या गोल लांकडी दांड्यावर नेम धरून फेंकीत आणि कसाही वेडावांकडा परत आला तरी झेलीत. नेम चुकला तर चेंडू आणावयास दूर चालत जावें लागे.

दुसरें साधन पत्र्याचें छप्पर. ह्याचा शोध आमचा नव्हे, गल्लींतल्या पोरांचा. पन्हाळी पत्र्यावर चेंडू फेंकला कीं तो खडखडत उतरतो आणि कोणत्या पन्हळींतून बाहेर पडेल तें ब्रह्मदेवासही सांगतां येत नाहीं. तिसरें साधन नवारीची बाज. बाज भिंतीशीं तिरकी उभी करून नवार चांगली ताणून घेतली, तर चेंडू तिच्यावरून उसळून परत येतो. चौकटीस ताणलेलीं जाळीं ह्याच कामासाठीं मोठ्या शहरांतून विकत मिळतात, तत्त्व एकच. आमच्या बाजेची नवार पंधरा दिवसांत ढिली झाली, तें निराळें.

ह्याच सुमारास २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आली. नवी मुंबईंत स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, आणि आमचें सबंध घर दूरदर्शन संचापुढें बसलें होतें. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट १०१ धांवांवर खेळत होती. दीप्ति शर्मा हिच्या गोलंदाजीवर तिनें चेंडू उंच मारला, आणि तो अमनज्योत कौर हिच्याकडे गेला. हातांतून एकदां उडाला, दुसऱ्यांदां उडाला. तिसऱ्या खेपेस, तोल जात असतांना, तिनें तो एका हातांत पकडला. भारतानें सामना ५२ धांवांनीं जिंकला. तो चेंडू दुसऱ्यांदां उडाला तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं नातीचें मनगट घट्ट धरलें होतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आलें कीं अमनज्योतचे वडील सुतारकाम करणारे, आणि तिची पहिली बॅट त्यांनींच घडविलेली. तें वाचतांना आम्हांस आमच्या गांवचे सुतार आठवले, आणि सुतारांवरून, पूर्वीं एका क्रीडांगणावर पाहिलेलें तें साधन आठवलें.

त्यास इंग्रज 'क्रेडल', म्हणजे पाळणा म्हणतात. खरें पाहतां दिसतें तें उताण्या ठेवलेल्या होडीच्या बुडासारखें: दोन्ही टोकांस उंच, मध्यें खोलगट, आणि सर्व अंग लांकडी पट्ट्यांचें. दोन्ही टोकांपासून चार-पांच पावलांवर एक-एक खेळाडू उभा राहतो. एकानें हात खालून फिरवून चेंडू सपाट व जोरानें पाळण्यांत टाकावयाचा; तो पट्ट्यांवर घांसून पलीकडच्या उतारावरून उसळतो आणि समोरच्याकडे जातो. त्यानें झेलून तसाच परत टाकावयाचा. गंमत अशी कीं पट्टीच्या मध्यावर पडलेला चेंडू एका उंचीनें येतो, कडेवर पडलेला दुसऱ्या उंचीनें, फटींत अडखळलेला तिसरीकडेच. टाकणारालाही माहीत नसतें, घेणारालाही नसतें. बॅटची कड घेऊन स्लिपकडे जाणाऱ्या चेंडूचें सोंग ह्याहून हुबेहूब दुसऱ्या कशानें आणतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचे सुतार पूर्वीं बैलगाड्या व तिफणी करीत. आतां दारें-खिडक्यांवर भागवितात. कागदावर आकृति काढून दाखविली तेव्हां ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पाळणा म्हणता, अन् दोऱ्या कुठं बांधायच्या?" समजूत पटल्यावर मात्र काम त्यांनीं मन लावून केलें. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट. बाभळीचे सहा आडवे पाट; टोकांचे उंच, मधले ठेंगणे, आणि प्रत्येकाची वरची कड मध्यें थोडी कोरलेली. त्यांवर पडलेल्या माळवदाचें सागवान चिरून काढलेल्या दोन बोटें रुंदीच्या पातळ पट्ट्या, रात्रभर हौदांत भिजवून, वांकवून, मध्यें अर्ध्या बोटाची फट सोडून स्क्रूनें बसविल्या. आम्हीं खिळे सुचविले होते. ते म्हणाले, खिळा हादऱ्यानें वर येईल आणि चेंडूही फाडील, बोटही फाडील. प्रत्येक पट्टीची कड त्यांनीं रंध्यानें गोल केली. वर जवसाच्या तेलाचे तीन हात. बॅटला लावतात तेंच हें तेल. जवस आमच्याकडे चटणीसाठीं घरोघर असतोच.

पहिले पंधरा दिवस केवळ टेनिसचा चेंडू. मग रबरी. मग स्त्रियांच्या वजनाचा कातडी चेंडू, तोही प्रथम हळू टाकलेला. आम्ही एका टोकास, नात दुसऱ्या टोकास; आमची कंबर दुखूं लागली म्हणजे धाकटे चिरंजीव. दररोज संध्याकाळीं साठ झेल, आणि त्यांचा हिशेब वहींत. पहिल्या आठवड्यांत टेनिसच्या चेंडूचेही साठांपैकीं एकतीसच्या वर जाईनात. तिचे डोळे चेंडू येण्यापूर्वीं मिटत. तें तिला कळतही नव्हतें. तिच्या थोरल्या काकूनें तें बाजूनें पाहून सांगितलें. सहाव्या आठवड्यांत डोळे उघडे राहूं लागले, आणि त्याच आठवड्यांत हात आपोआप मागें जाऊं लागले. ह्या दोन गोष्टी एकदमच घडल्या, ही योगायोगाची बाब आम्ही मानीत नाहीं. आतां कातडी चेंडूचे साठांत बावन्न झेल बसतात.

मात्र नुसत्या चपळाईनें सर्व झेल मिळतात असें कोणी समजूं नये. पुन्हां गणित. स्लिपमधील माणूस पंधरा मीटरांवर असेल आणि चेंडू ताशीं ११० किलोमीटर वेगानें येईल, तर त्यास अर्धा सेकंद मिळतो. फलंदाजापासून तीन मीटरांवर उभें राहिलें, तर ७२ किलोमीटरांचा चेंडूही सेकंदाच्या सातव्या भागांत येऊन धडकतो. आणि पाहून हात हलविण्यासच माणसास सेकंदाचा पांचवा भाग लागतो! मग एकनाथ सोलकर यांनीं तेथें उभें राहून झेल घेतले कसे? मुंबईच्या हिंदु जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, मैदानावरच वाढलेला. लहानपणीं धांवफलक बदलण्याचें काम त्यानें केलें. २७ कसोटी सामन्यांत त्यांचे ५३ झेल आहेत, आणि ते सर्व शिरस्त्राण घालण्याची चाल पडण्यापूर्वींचे. १९७१ च्या ऑगस्टमध्यें ओव्हल मैदानावर वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा झेल त्यांनीं जमिनीलगत झेंप टाकून घेतला. चंद्रशेखर यांनीं ३८ धांवांत सहा गडी बाद केले, इंग्लंडचा डाव १०१ धांवांत आटोपला, आणि भारतानें इंग्लंडमध्यें पहिला कसोटी विजय मिळविला. सोलकर चेंडूकडे नव्हे, फलंदाजाच्या बॅटकडे व पायांकडे पाहून आधींच ओळखत असले पाहिजेत. त्यावांचून हें गणित जुळतच नाहीं. ती ओळख पाळणा देऊं शकत नाहीं. पाळण्यास बॅटही नाहीं आणि पायही नाहींत. ही त्याची उणीव आम्ही लपवीत नाहीं, आणि तेरा वर्षांच्या मुलीस त्या जागीं उभें करण्याचा आमचा विचारही नाहीं.

स्लिपची गोष्ट निराळी. तेथें सवयीचेंच राज्य. मराठी घरांत वाढलेले राहुल द्रविड यांनीं १६४ कसोटी सामन्यांत २१० झेल घेतले, आणि २०२५ च्या जुलैमध्यें जो रूट पुढें जाईपर्यंत यष्टिरक्षकावांचून इतरांत तो जागतिक विक्रम होता. संगमनेर तालुक्यांतल्या आश्वी खुर्दचे अजिंक्य रहाणे यांनीं २०१५ सालीं गॉल येथें एकाच कसोटींत आठ झेल घेऊन नवा विक्रम केला. तो सामना भारतानें ६३ धांवांनीं गमावला, हेंही सांगितलें पाहिजे. झेल घेणाराच्या हातांत सर्वच नसतें.

बाजारांत आतां पाळण्याखेरीजही पुष्कळ साधनें मिळतात. सहा टेंगळें असलेला रबरी चेंडू असतो. जमिनीवर टाकला कीं तो भलतीकडेच उसळतो. खांचाखोंचांची प्लास्टिकची उतरती फळी असते. तिच्यावर चेंडू घांसला कीं दिशा बदलतो. पैकीं टेंगळांचा चेंडू आम्हीं आणविला. नातीस तो आवडला, तिच्या पांच वर्षांच्या चुलतभावास त्याहून अधिक, आणि तिसऱ्या दिवशीं तो शेजारच्या विहिरींत गेला. उंच झेलांसाठीं मात्र कोणत्याही यंत्राची जरुरी आम्हांस दिसली नाहीं. टेनिसच्या रॅकेटनें चेंडू तीस मीटर उंच मारला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास तो पांच सेकंदांनीं परत येतो. तेवढ्यांत मुलाला धांवून खालीं स्थिर उभें राहण्यास सवड मिळते. धांवत-धांवत झेल घेण्यापेक्षां आधीं पोंचून थांबणें, हेंच तेथें शिकवावयाचें.

सौभाग्यवतींचें मत बदललें कीं नाहीं, हें आम्हांस नक्की सांगतां येणार नाहीं. कंदुकावतीनें तें बदललें नव्हतें हें खास. धाकट्या चिरंजीवांनीं एकदां सारिका काळे यांची आठवण करून दिली. खो-खोच्या ह्या खेळाडू आमच्याच जिल्ह्यांतल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत भारताच्या महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यावर "खो-खोत चेंडू कुठं असतो?" असें उत्तर आलें. पण हल्लीं दिवेलागणीस शुभं करोति झाल्यावर त्या नातीस विचारतात, "आज किती?" आणि आंकडा पन्नासांच्या खालीं असला तर कारणही विचारतात.

गेल्या महिन्यांत आमचा तो किराणा दुकानवाला विद्यार्थी आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन आला. पाळण्याभोंवतीं तो दोनदां फिरला, पट्ट्यांवरून हात फिरविला. मुलास आम्हीं टेनिसचे वीस झेल दिले. मग तो म्हणाला, "सर, मला टाका एक." आम्हीं टेनिसचा चेंडू उचलला, तेव्हां त्यानें मान हलवून कातडी चेंडूकडे बोट दाखविलें. तेंच बोट. आम्हीं अगदीं हळू टाकला. त्यानें हात मागें घेत झेल घेतला, चेंडू क्षणभर पाहिला, आणि मुलाच्या हातांत न देतां आम्हांसच परत दिला. जातांना विचारलें, "ह्याला तेल कोणतं लावता?" दुसऱ्या दिवशीं दुकानांतून जवसाच्या तेलाची बाटली आली. चिठ्ठींत किंमत लिहिलेली नव्हती. आम्हीं पैसे घेऊन गेलों, तर म्हणाला, "राहू द्या सर, मुलाला रोज पाठवतोय."